गार पाण्यात पाऊल

या. बसा.

सकाळचे सहा वाजून गेले आहेत. बोळिंजच्या या वाडीत अजून कोणी मोठ्याने बोलत नाही. केळीच्या पानांवर दव आहे. बावखलाच्या काठाला काळ्या दगडाच्या चार पायऱ्या आहेत. शेवटची पाण्याखाली.

तिसऱ्या पायरीवर बसा. चपला बाजूला काढून ठेवा.

पाय अजून पाण्यात सोडू नका. आधी नुसतं बघू या.

पाणी हिरवट आहे, निवांत आहे. त्यात माडाच्या झावळ्या उलट्या दिसतात आणि झावळ्यांच्या मागे म्हाडाच्या उंच इमारती. एक पाणनिवळी सरसर जाते, थांबते. तिच्या पायांखाली पाणी जरासं दबतं. फुटत नाही.

बघत राहा.

वसईबाहेरच्यांसाठी एवढं सांगते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं लहान तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, शेजारच्या विहिरींना पुरतं. आमच्या पट्ट्यात बावखलं खूप होती. पुष्कळशी भराव टाकून बुजवली गेली. जे राहिलं आहे, त्याच्या काठावर आपण बसलो आहोत.

तुम्ही इथे नसाल, कुठल्याशा इमारतीत विसाव्या मजल्यावर हे वाचत असाल, तर बादलीत पाणी घ्या. बादलीही चालते.

आता श्वासाकडे लक्ष द्या.

आत येतो. जरा थांबतो. बाहेर जातो.

तुम्ही काहीच करू नका. तो आपला येतोय, जातोय. तुमच्या मानेच्या मणक्यांमधून दोन्ही बाजूंनी एकेक नस निघते, छातीतून हृदयाच्या कडेने खाली उतरते आणि श्वासपटलाला जाऊन मिळते. मेंदूच्या देठातून खूण येते. पटल खाली सरकतं. हवा आत येते.

काल रात्री तुम्ही गाढ झोपेत होतात, तेव्हाही ही खूण येत होती. पहिल्या रडण्यापासून येते आहे.

आत. बाहेर.

नस म्हटलं, तर एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या बोलण्यात नस आणि शीर हे शब्द रक्तवाहिनीलाही चालतात आणि मज्जातंतूलाही. पाठीची शीर आखडते, मानेची नस दबते. शाळेच्या पुस्तकात तिला चेता म्हणतात. मी इथे नसच म्हणेन. घरचा शब्द आहे.

आता उजवा पाय पुढे घ्या.

अंगठा पाण्याला लावा. फक्त अंगठा.

गार.

हा शब्द मनात उमटला ना? तो उमटायच्या आधी पुष्कळ काही होऊन गेलं आहे. त्या पुष्कळ काहीपाशी आज आपल्याला बसायचं आहे. घाई नाही. आठच्या गाडीला अजून वेळ आहे.

पाऊल आत सोडा. घोट्यापर्यंत.

थांबा तिथे.

अंगठ्याच्या कातडीत, वरच्या थराच्या अगदी जवळ, नसांची उघडी टोकं आहेत. धाग्याचं टोक उसवावं तशी, बारीक. त्यांच्या अंगावर इवलाल्या झडपा आहेत. पाणी गार असलं की काही झडपा उघडतात. या गारव्याच्या झडपेचा शोध ज्यांनी लावला, त्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ साली नोबेल मिळालं. विड्यात पिपरमिंट घातलं की तोंड गार पडतं, ते हीच झडप उघडल्यामुळे. तोंडात थंड काहीच नसतं. झडप उघडली, एवढंच.

इथे मात्र पाणी खरंच गार आहे.

झडप उघडली की आत काय शिरतं? मुख्यतः सोडियम. मिठातला सोडियम.

जरा थांबा इथे.

वसईच्या खाडीकाठची मिठागरं डोळ्यांसमोर आणा. वाफ्यात समुद्राचं पाणी, वर ऊन, कडेला पांढरी रास. तेच मीठ आपल्या रक्तात आहे, पेशींच्या भोवतालच्या पाण्यात आहे. नसेच्या तंतूबाहेर सोडियम जास्त, आत कमी. तंतू असा टपून बसलेला असतो, दार लोटून. दार उघडलं की सोडियम आत धावतो. सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात हे होतं आणि मिटतं. तेवढ्यात शेजारचं दार उघडलेलं असतं. मग त्याच्या शेजारचं.

म्हणून तारेतून वीज जाते तसं इथे काही जात नाही. अंगठ्यापाशी आत शिरलेलं मीठ अंगठ्यापाशीच राहतं.

पावसाळ्यात भाताच्या शेतावरून वारा जाताना पाहिला आहे? एकही रोप जागचं हलत नाही. लाट मात्र या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते.

तसं.

डोळे मिटा. तुमच्या पायातून आत्ता अशी लाट वर चढते आहे.

ती जाणवणार नाही. जाणवतं ते तिचं पोहोचणं. तरी घोट्यापाशी मनाने जा. पोटरीतून वर या. गुडघ्याच्या मागे, जिथे खळगा आहे तिथे. मांडीच्या मागून. बैठकीच्या खाली.

इथे या नसा एकत्र येतात आणि बोटाएवढी जाड नस होते. अंगातली सगळ्यांत जाड. ती दुखली की घराघरात तिचं नाव निघतं, सायटिका. दुखेपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही. आज ती दुखत नाहीये. आज तिच्यापाशी दुखण्यावाचून बसू या.

एक श्वास तिच्यासाठी.

आणखी वर. कंबर. खालच्या मणक्यांच्या बाजूला, हाडांच्या फटीत, पेशींचे छोटे पुंजके आहेत. अंगठ्याचा स्पर्श वाहणाऱ्या पेशीचं घर इथे आहे. या घरातून एक फाटा खाली जातो, थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत. दुसरा फाटा वर जातो, पाठीच्या कण्यातून, मानेतून, कवटीच्या तळाशी मेंदूच्या देठापर्यंत.

मध्ये कुठेही जोड नाही. ही एकच पेशी आहे.

एक पेशी. अंगठ्यापासून मानेच्या वरपर्यंत. तुमची उंची पाच फूट असेल, तर ती जवळजवळ तेवढी. जाडीला केसाहून कितीतरी बारीक.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पुन्हा मनात धरा. पायाच्या अंगठ्यापासून डोक्याच्या तळापर्यंत, आतून, एक धागा. तो आत्ता पाण्यात आहे.

अंगठा जरा हलवा.

धागा जागा झाला.

माझे वडील याच पायरीवर बसायचे. त्यांना मधुमेह होता, बरीच वर्षं. मधुमेहात सगळ्यांत लांब तंतू आधी थकतात. म्हणून बधिरपणा अंगठ्यापासून सुरू होतो आणि मोजा वर चढवावा तसा चढत जातो. डॉक्टरांनी एकदा त्यांना डोळे मिटायला सांगितले. नादकाटा हातावर आपटला आणि थरथरता काटा त्यांच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला.

"काय कळतंय, बाबा?"

बाबा डोळे मिटून वाट बघत राहिले. मग म्हणाले, "लावा ना."

काटा लावलेलाच होता. मी बघत होते. तो अंगठ्यावर थरथरत होता, आणि खोलीत त्याचा बारीक आवाज येत होता.

त्या दिवशी संध्याकाळी ते इथे येऊन बसले. पाय पाण्यात सोडले. कितीतरी वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. मग वाकले, आणि हात पाण्यात घातला.

"हाताला गार लागतंय," ते म्हणाले. "म्हणजे पायालाही लागत असेल."

थोडं थांबू या.

श्वास आत. श्वास बाहेर.

बावखलाच्या पलीकडे एक बगळा उभा आहे, एका पायावर. तो हलेपर्यंत आपणही हलू नये.

आता लाटेबरोबर पाठीच्या कण्यात शिरू या.

हात मागे नेऊन मणके चाचपून बघा. बोटांना लागतात ती हाडांची टोकं. त्यांच्या आत पोकळी आहे, आणि पोकळीत मेरुरज्जू. करंगळीएवढा जाड, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. कण्याच्या शेवटापर्यंत तो जात नाही. कमरेच्या वरच्या भागातच संपतो. पुढे नुसत्या नसांचा झुपका लोंबतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो घोड्याच्या शेपटीसारखा वाटला आणि नावही तेच पडलं.

मेरुरज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात, दोन्ही बाजूंना. मेंदूतून थेट निघतात त्या आणखी १२ जोड्या.

मोजू नका. ऐका फक्त.

पाऊल पाण्यात आहे. तुम्हांला दोन गोष्टी कळताहेत. पाणी लागतंय, आणि पाणी गार आहे. तुम्हांला वाटतं ही एकच जाणीव.

या दोघी वेगवेगळ्या वाटेने येतात.

स्पर्श उजव्या पायातून येतो आणि उजव्याच बाजूने वर चढत जातो, त्या एका लांब धाग्यातून, मानेच्या वरपर्यंत. तिथे गेल्यावर निरोप दुसऱ्या पेशीच्या हाती जातो आणि ती पेशी डावीकडे ओलांडते.

गारवा तसा थांबत नाही. त्याचा तंतू मेरुरज्जूत आला की लगेच निरोप दुसऱ्याच्या हाती देतो. तो दुसरा तिथल्या तिथे पलीकडे जातो आणि डाव्या बाजूने वर चढू लागतो.

एकच अंगठा. एकच पाणी. पाठीतून एक वाट उजवीकडून चाललेली, एक डावीकडून.

स्पर्शाच्या तंतूंवर चरबीचं वेष्टण आहे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं, आणि वेष्टणाला थोड्या थोड्या अंतरावर फटी. लाट फटीवरून फटीवर उडी घेते. म्हणून स्पर्श सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास धावतो. गारव्याचे तंतू बारीक, काहींना तर वेष्टणच नाही. गारवा मागून येतो.

पुन्हा करून बघा. पाऊल बाहेर काढा. पाणी निथळू द्या.

आता हळूच टेकवा.

आधी पाणी. मग गार.

कळलं? नाही कळलं तरी हरकत नाही. एवढ्या बारीक अंतरात मन सहसा शिरत नाही. पण ठेच लागते तेव्हा नीट कळतं. आधी एक झणका येतो, आणि मग, आपण तोंडातून शब्द काढेपर्यंत, मागून दुखणं चढत येतं. ते शेवटचं दुखणं सेकंदाला एखादा मीटर एवढ्याच चालीने येतं. चालत येणाऱ्या माणसासारखं.

पाय पाण्यातच असू द्या. तळव्याखाली काय आहे?

शेवाळ. बुळबुळीत दगड. जरा पुढे मऊ गाळ.

गाळात काहीतरी टोचतं आणि पाय झटकन वर येतो.

थांबा. आता हे हळू बघू या. पाय वर आला तेव्हा तुम्ही ठरवलं होतं का? नाही. टोचल्याची खबर मेरुरज्जूपर्यंत गेली आणि तिथूनच हुकूम सुटला. पायाचे स्नायू आखडले. तुम्ही उभे असतात तर त्याच क्षणी दुसरा पाय ताठ झाला असता, तोल सांभाळायला. मेंदूला कळलं ते नंतर.

आपण ज्याला मी म्हणतो, त्याच्या आधीच पाय सुखरूप होता.

हात घालून बघा, काय होतं ते.

जुन्या मडक्याची खापरी आहे. कडा झिजलेल्या. पायरीवर ठेवून द्या.

पाय परत पाण्यात.

खूप मऊ काही तरी पोटरीला लागतंय. बारीक मासे आलेत. टिचक्या मारल्यासारखं. हलू नका. येऊ द्या त्यांना.

एकेक टिचकी, एकेक लाट.

वाटेत या लाटेला जिथे हात बदलावे लागतात, तिथे एक फट असते. एक पेशी संपते आणि दुसरी सुरू होते, मध्ये जागा. मिलिमीटरचे ५०,००० भाग केले तर त्यातला एक, एवढी. स्पेनचा काहाल म्हणे पेशी वेगवेगळ्या आहेत. इटलीचा गोल्जी म्हणे सगळं एकसंध जाळं आहे. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं, आणि पुढे काहालचं म्हणणं खरं ठरलं. लाट फटीपाशी येते आणि मिटते. रसायनाचे थेंब पलीकडे जातात. पलीकडे लाट नव्याने उठते, किंवा उठत नाही.

उठत नाही, हेही महत्त्वाचं. सगळंच वर गेलं असतं तर आपल्याला क्षणभर बसता आलं नसतं.

मान सरळ करा. हनुवटी जराशी आत. डोक्याचं ओझं मणक्यांवर नीट बसू द्या.

लाट आता मानेच्या वर आली आहे.

इथे मी थोडी आडवळणाने जाते. बोळिंजपासून सोपारा लांब नाही. जुनं शूर्पारक बंदर ते. तिथल्या एका टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते टेकाड उकरलं. तो स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडाची पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा. त्यात दगडाचा. त्यात स्फटिकाचा. त्यात सोन्याचा.

सोन्याच्या करंडकात सोन्याची फुलं होती, आणि मातीच्या भांड्याचे १३ लहान तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे असतील, असं इंद्रजींना वाटलं.

एकात एक. एकात एक. आणि अगदी आत, खापरी.

तुमच्या डोक्यावर हात ठेवा.

आधी केस, कातडी. मग हाड. हाडाच्या आत एक जाड, चिवट पडदा. त्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम पडदा. मग पाणी. मग मेंदूला घड्याघड्यांतून चिकटून बसलेला तिसरा पडदा, सगळ्यांत पातळ.

पाणी.

हो, तिथेही पाणी आहे. नितळ, किंचित खारट. सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे लहान कपभर. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत ते पाझरतं, मेंदूभोवती फिरतं, मेरुरज्जूच्या भोवतीही उतरतं, आणि रक्तात जिरतं. दिवसभरात असं तीनदा-चारदा नवं होतं. मेंदूचं वजन १,४०० ग्रॅमच्या आसपास. या पाण्यात तरंगताना तो ५० ग्रॅमचा भासतो. तसा तरंगत नसता, तर स्वतःच्याच भाराने खालचा भाग चेपला असता.

डोळे मिटा.

पाय पाण्यात आहे.

मेंदू पाण्यात आहे.

दोघांच्या मध्ये एक धागा.

इथे राहू या. जेवढा वेळ राहावंसं वाटेल तेवढा.

लांबून विरार स्टेशनाकडून गाडीचा भोंगा येतो. येऊ द्या. त्याचीही एक लाट आहे, कानातून निघालेली. ती आपल्या वाटेने जाईल. आपण अंगठ्याच्या वाटेवर आहोत.

डाव्या आणि उजव्या वाटेने निघालेल्या दोघी आता भेटतात. मेंदूच्या मधोमध, खोल आत, अक्रोडाहून लहान अशा एका गाभ्यात. थॅलॅमस त्याचं नाव. वास सोडला तर बाहेरून येणारी जवळजवळ प्रत्येक जाणीव या दारातून वर जाते.

तिथून शेवटचा टप्पा. मोठ्या मेंदूची पृष्ठभागावरची घडी. उजवा पाय, म्हणून डावा मेंदू. हातासाठी तिथे ऐसपैस जागा आहे, ओठांसाठीही. पायाला मात्र मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या चिरेत, आत वळलेल्या भिंतीवर जागा मिळाली आहे. डोक्याच्या मध्यावर बोट ठेवा, जिथे लहानपणी आई टाळूला तेल घालायची, तिथून थोडं मागे. त्याच्या खाली, आत.

इथे तुमचा अंगठा आहे.

खरा अंगठा खाली पाण्यात. त्याचं गाव इथे वर, अंधारात. कवटीच्या आत उजेड नाही, आवाज नाही. मेंदूला स्वतःला स्पर्शही कळत नाही. त्याला कधीच पाणी लागलेलं नाही. त्याच्यापाशी फक्त लाटा येतात.

आणि त्या लाटांवरून तो म्हणतो, गार.

अंगठा पाण्याला टेकल्यापासून स्पर्श इथपर्यंत यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागला असेल. आपल्याला अर्धा तास लागला. बरं झालं.

आता एक विचारते. अजून गार लागतंय का?

बघा नीट.

पाणी तेच आहे. ऊन अजून आलेलं नाही. पण गारपणा कुठेतरी गेला. पाय पाण्यात आहे हेही जवळजवळ विसरायला झालं आहे. झडपा सैलावल्या, लाटा विरळ झाल्या. नसा बदल सांगतात. जे आहे तसंच राहिलं, त्याचा निरोप हळूहळू थांबतो.

खांद्यावरचा कपडा आठवा. सकाळपासून तो तिथे आहे.

आत्ता जाणवला.

मनगटावरची बांगडी, घड्याळ. कानावरची चष्म्याची काडी. टेकलेला दगड. सगळे होते. सगळे गप्प होते.

बोटं हलवा पाण्यात. सावकाश.

गार. परत आलं.

बाबांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांच्याबरोबर इथे बसायचे. ते विचारायचे, "आज कसं आहे?" मी पाय घालायचे आणि सांगायचे. आज फार गार आहे. आज कोमट आहे, पाऊस पडून गेला ना. आज वर कोमट आणि खाली गार. ते मान हलवायचे. कधी कधी माझं सांगून व्हायच्या आत त्यांच्या हातावर काटा यायचा.

काटा येतो ना, तोही नसांचाच. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म स्नायू असतो, तो आखडतो. आपण मुद्दाम आणू म्हटलं तर येत नाही.

दोन बोटं मनगटावर ठेवा. अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या आत.

ठोका सापडला? नसेल तर थोडं खाली. दाबू नका.

आता श्वास घ्या. आणि हळू सोडा. जेवढा लांब सोडता येईल तेवढा. पाण्यावर फुंकर घालावी तसा.

श्वास घेताना ठोके जरा जवळ येतात. सोडताना जरा लांब जातात.

पुन्हा.

हे करणारी नस मेंदूच्या देठातून निघते. बारा जोड्यांतली दहावी. मानेतून उतरते, हृदयाला फांद्या देते, फुप्फुसांना देते, पुढे जठर, यकृत, आतडी असं फिरत जाते. तिच्या लॅटिन नावाचा अर्थच भटकी. सगळ्या नसांपासून हृदय मोकळं केलं, तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके टाकेल. ही भटकी त्याला दिवसरात्र सांगत असते, सावकाश. सावकाश.

तुम्ही श्वास सोडता तेव्हा तिचं म्हणणं जास्त ऐकू येतं.

आत.

बाहेर, लांब.

आत.

बाहेर, आणखी लांब.

तिच्यातले बहुतेक तंतू मात्र हुकूम खाली नेत नाहीत. ते पोटातली, छातीतली खबर वर आणतात. पोटात कालवतं, पोटात गोळा येतो, जीव खाली पडतो. हे शब्द आपल्या आज्या वापरत आल्या, तेव्हा त्यांना या नसेचं नाव माहीत नव्हतं. त्यांना पोट माहीत होतं.

तुमच्या पोटात आत्ता काय आहे?

उत्तर देऊ नका. ऐका.

समोरच्या काठावर एक काकी घागर घेऊन उतरतात. आपल्याकडे बघून थोडं हसतात. "बसा, बसा," म्हणतात, आणि घागर बुडवतात. बुडबुडे येतात. पाण्यावर एक वळं उठतं आणि रुंद होत होत आपल्याकडे यायला निघतं.

बघा, येतंय.

झावळ्या हलल्या. इमारती हलल्या.

घोट्याला लागलं.

बगळा उडून गेला आहे. कधी ते कळलं नाही.

आता पाय बाहेर काढा. हळू. पाण्याला फार हलवू नका.

वाऱ्याची झुळूक आली. पाण्यात होता त्याहून पाय आता जास्त गार लागतो. पाणी उडून जाताना अंगातली ऊब घेऊन जातं.

पाय पायरीवर टेकवा. दगड कोरडा आहे, खरबरीत आहे. टाच. तळव्याची बाहेरची कड. मग बोटं, एकेक करून. शेवटी अंगठा.

वजन द्या त्याच्यावर.

उभे राहा. लगेच चालू नका. पोटऱ्या किती बारीक बारीक हलताहेत बघा, तुम्हांला उभं ठेवायला. कानाच्या आतून, डोळ्यांतून, घोट्यातून निरोप येताहेत, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू त्यांचा मेळ घालतोय. नावाने लहान. मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी ६,९०० कोटी त्याच्यात आहेत.

तुम्हांला फक्त उभं असल्यासारखं वाटतंय.

पाय उचला.

खाली बघा. दगडावर ओला ठसा आहे. टाच, मधली वळलेली कड, पाच बोटं. बाजूला ती खापरी.

ऊन केळीच्या पानांवरून पायरीवर उतरतं आहे. ठसा कडेकडेने सुकू लागला. टाच गेली.

अंगठा अजून आहे.